भरलेल्या पुंगळ्या

१

दुपारचं जेवण झालं की विनी झोपायची आणि मोरॅग माणसात यायची. तेवढा वेळ तिचा हक्काचा. नऊ महिन्यांच्या लेकीला कठड्याच्या खाटेत आडवं करायचं, वाऱ्यानं फुटलेल्या तिच्या गालांना लॅनोलिनचं बोट लावायचं, पडदा अर्धा ओढायचा, आणि चोरपावलांनी स्वयंपाकघरात येऊन बसायचं. समोर चहाचा मग आणि बाळाचा आवाज ऐकवणारं ते छोटं यंत्र. यंत्रातून विनीचा श्वास ऐकू आला की चहा गोड लागायचा. ऐकू आला नाही की मोरॅग उठून बघायला जायची. आला तरी कधीकधी जायची, कारण इतका नीट श्वास म्हणजे काहीतरी बिघडलं असणार.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. बाळंतपणानंतर छातीच्या चिरांना लावायला आणलेली डबी होती, ती आता विनीच्या गालांना उपयोगी पडत होती. मोरॅगचा नवरा तामाती मेंढ्या कातरायचा. तो त्या डबीकडे बघून रोज न चुकता म्हणायचा, “मी दिवसभर फुकटचं मेंढीचं लोणी अंगाला फासून घरी येतो, आणि ही बाई तेच औषधाच्या दुकानातून विकत आणते.”

त्या मंगळवारी तिनं डबी उघडली तर आतल्या पिवळट घट्ट थरात अंगठ्याचा खळगा होता. चांगला खोल. तिनं सहज आपला अंगठा त्यात टेकवून पाहिला. वडिलांच्या गमबुटात पाय घातल्यासारखं वाटलं.

“तामा,” संध्याकाळी ती म्हणाली, “माझ्या डबीत अंगठा घालत जाऊ नकोस.”

“मला काय कमी आहे त्याची?” त्यानं दोन्ही हात तिच्या नाकाशी धरले. लोकरीचा उबट वास आला. “तूच घातला असशील. गेल्या आठवड्यात टीव्हीचा रिमोट फ्रीजमध्ये कोणी ठेवला होता?”

हे मात्र खरं होतं.

२

त्या आठवड्यात तिला खरं तर दुसराच घोर होता. कपाटात एक रायफल होती आणि ती विकत घ्यायची की नाही हे शनिवारपर्यंत सांगायचं होतं.

एप्रिल लागला होता. टाकिटिमूच्या डोंगरांत माजावर आलेले हरणांचे नर पहाटेपासून आरोळ्या देत होते, आणि सबंध साउथलंडची माणसं कामावर चुका करत होती, कारण सगळ्यांचे कान डोंगराकडे. मोरॅग सोळाव्या वर्षापासून दर आरोळीच्या महिन्यात वडिलांबरोबर वर जायची. मग चारचाकी बाइकवरून पडून खांदा मोडला, मग शाळेतली नोकरी, मग विनी. वडिलांच्या रायफलीचा धक्का आता त्या खांद्याला सोसत नव्हता. या वर्षी नाही गेलो तर आपण आता कधीच जाणार नाही, आपण ‘पूर्वी शिकारीला जायची ती बाई’ होणार, असं तिनं मनाशी घेतलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ते फारच नाटकी वाटलं असतं.

आणि अशात एनिड पुलर रायफल विकणार असल्याचं कळलं.

एनिड सत्तरी ओलांडलेली, बुटकी, नवरा आर्ची जाऊन तीन हिवाळे झालेले. त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी तामाती आणि विनीला घेऊन मोरॅग तिच्याकडे गेली तेव्हा ओव्हनमधून चीज रोल नुकतेच निघत होते.

“आधी परवाना दाखव,” एनिड म्हणाली. “तुला जन्मल्यापासून ओळखते, पण परवाना दाखव. आर्चीनं स्वतःच्या आईचासुद्धा बघितला असता.”

परवाना बघून झाल्यावर तिनं रायफल मोरॅगच्या हातात दिली. मोरॅगनं ती खांद्याला लावली आणि तिला हसूच आलं. दस्ता आखूड, हलका, अंगाचं माप घेऊन कापल्यासारखा.

“माझ्यासाठी कापला होता आर्चीनं. लग्नाची भेट. बाकीच्या बायकांना शिवणयंत्रं मिळाली.”

“काडतूस कुठलं, आन्टी?” तामातीनं तोंडातला रोल गिळत विचारलं.

“पंचविशी.”

तामातीनं डोळे मिटून घेतले. पंचविशी म्हणजे जुन्या लोकांचा उद्योग. थ्री-नॉट-थ्रीची पितळी पुंगळी घ्यायची, तिला चरबी लावून हातयंत्रात दाबायची, तोंड आवळून बारीक करायचं आणि त्यात पंचवीसची गोळी बसवायची. एके काळी या भागात असल्या रायफली घराघरांत होत्या. आता गोर गावातल्या बंदुकांच्या दुकानात नाव काढलं तर गल्ल्यावरचा पोरगा आधी तुमच्याकडे बघतो, मग फोनमध्ये.

“म्हणजे गाडी विकत घ्यायची आणि पेट्रोल घरी गाळायचं,” तामाती म्हणाला. “मोरॅग, सगळं जग घेतं तशी सरळ टू-फोर-थ्री घे. धक्का तेवढाच. काडतुसं किराणावाल्याकडेही मिळतात.”

“तिचा दस्ता माझ्या मापाचा आहे का?”

“दस्ता कापता येतो गं.”

“काडतुसांची काळजी नको,” एनिड म्हणाली. हे ती मोरॅगकडे न बघता, चीज रोलांच्या ताटाकडे बघून म्हणाली. “कमी पडायची नाहीत.”

“पण भरणार कोण? तुमच्याकडे ते हातयंत्र आहे का अजून?”

“ते मी आर्ची गेला त्याच महिन्यात देऊन टाकलं. त्याचा आवाज नको व्हायचा.”

जेवणाच्या टेबलाच्या कडेला यंत्र आवळल्याचे जुने वण होते, आणि लाकडाला लोकरीच्या चरबीचा वास मुरलेला. एनिडनं चमचा काढायला कपाटाचा खण ओढला आणि लगेच ढकलला. आत पिवळंधमक काहीतरी गच्च भरलेलं होतं. चमचा दुसऱ्याच खणात निघाला.

“आठ दिवस घेऊन जा,” ती म्हणाली. “चालवून बघ. घरात सवय होऊ दे.”

घराला रायफलीची कसली सवय, असं मोरॅगच्या मनात आलं. पण विनीनं तेवढ्यात लोण्यात हात घातला आणि ते राहून गेलं.

३

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांनी नदीकाठच्या खडीच्या खाणीत रायफल चालवून पाहिली. तामाती दूर गाडीत बसला होता, मांडीवर विनी, तिच्या डोक्यावर तिच्याच डोक्याएवढी कानझाकणी. एनिडनं चहाच्या पत्र्याच्या डब्यात मूठभर काडतुसं दिली होती, आर्चीनं भरलेली.

धक्का कसला! ओळखीच्या माणसानं खांद्यावर थाप मारावी, तसा. पुठ्ठ्यावरची भोकं एका पेल्याखाली झाकली गेली असती. मोरॅग नाचत गाडीकडे आली. “बघितलंस? बघितलंस?”

“बघितलं. आता डोंगरावर तुझ्यापुढे जायची माझी हिंमत नाही.”

रिकाम्या पुंगळ्या तिनं एकूण एक वेचून आणल्या. पंचविशीची पुंगळी टाकून देणं म्हणजे पापच. उरलेली भरलेली काडतुसं कायद्याप्रमाणे कुलपात गेली, रायफलीचा बोल्ट दुसऱ्या कुलपात. रिकाम्या पुंगळ्यांना कुलूप लागत नाही. त्या तिनं विनीच्या खोलीतल्या उंच फळीवर ओळीनं उभ्या केल्या, लेकीच्या हाताला पुढची सहा वर्षं येणार नाहीत अशा. दुपारचं ऊन पडलं की त्या चमकायच्या, आणि विनी खाटेत पडून त्यांच्याशी बोलायची.

वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, “कोणी भरलेली होती?”

“आर्चीनं.”

“मग ठीक. नाहीतर माझं तुला पहिल्यापासून काय सांगणं आहे?”

“दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या नळीत घालायचं नाही.”

“का?”

“बाबा, मी तीस वर्षांची आहे.”

“का?”

“दारू कमीजास्त झाली तर नळी तोंडासमोर फुटते.”

“शाबास. आर्ची तेवढा अपवाद. त्याचा हात सबंध खोऱ्याला माहीत. पण ती संपल्यावर तू काय करणार? आर्ची काही उठून यायचा नाही भरायला.”

दोघंही हसली. मोरॅगनं फोन ठेवला आणि कागदावर ‘घ्यावी’ आणि ‘घेऊ नये’ असे दोन रकाने केले. ‘घ्यावी’खाली लिहिलं, ‘आवडली’. ‘घेऊ नये’खाली लिहिलं, ‘काडतुसं?’ मग विनी उठली.

४

बुधवारी विनी झोपली. मोरॅगनं चहा केला. यंत्रातून श्वास येत होता, नीट, शहाण्यासारखा.

मग त्यात दुसरा एक आवाज आला. बारीकसा करकर, जुनं बिजागर सावकाश दबावं तसा. मग थांबला. मग थक्.

मोरॅगनं चहाचा मग खाली ठेवला.

करकर. थक्. मध्ये अगदी हलकं काहीतरी सांडल्यासारखं, कोणी चिमटी-चिमटीनं साखर ओतावी तसं. आणि त्यानंतर विनीचा आवाज. रडण्याचा नव्हे. ती जागी झाली होती आणि हुंकार देत होती. कोणी गोष्ट सांगत असलं की द्यायची तसे.

मोरॅग खोलीत पोचली तेव्हा पडदा अर्धा ओढलेला, ऊन फळीवर आलेलं, आणि विनी पाठीवर पडून छान हसत होती. खाटेशेजारच्या खुर्चीकडे बघून. खुर्चीवर धुतलेल्या लंगोटांचा ढीग होता. तो बसका झाला होता, पण तिच्या घड्या नेहमीच बसक्या होतात.

तिनं तर्क लढवला. शाळेत ती मुलांना हेच शिकवायची. करकर म्हणजे उन्हानं पत्रा ताणला. थक् म्हणजे छपरावरून पॉसम, ते मांजराएवढं रानटी जनावर, चाललं. सांडल्याचा आवाज म्हणजे यंत्रातली खरखर. असली यंत्रं शेजाऱ्यांच्या घरातले आवाजही पकडतात म्हणे. शेजारी डोंगराच्या पलीकडे होते, आणि त्यांच्या घरात बाळ नव्हतं, चारशे मेंढ्या होत्या. तरी तिनं तो तर्क ठेवून दिला. उपयोगी पडला असता.

डबीतला खळगा आता तळापर्यंत गेला होता.

५

गुरुवारी सकाळी फळी पुसायला ती खुर्चीवर चढली आणि तशीच उभी राहिली.

पुंगळ्या भरलेल्या होत्या. ओळ तिनं लावली तीच, अंतर तेच. पण प्रत्येकीच्या उघड्या तोंडात आता तांबूस टोकाची गोळी नीट बसलेली होती. एक उचलून तिनं कानाशी हलवली. आत दारू कुजबुजली. बोटांना चिकट लागलं. वास घेतला, तर डबीचाच.

आपल्या मुलीच्या डोक्यावर भरलेल्या काडतुसांची रांग! पोलिसांनी पाहिलं तर काय म्हणतील हा विचार तिला आधी आला, आणि भीती नंतर. याची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटली.

“तू भरलीस?” तिनं तामातीला विचारलं. तो जेवायला बसला होता, मटणाच्या फोडीवर पुदिन्याची चटणी ओतत.

“कशानं? दातानं? माझ्याकडे यंत्र नाही, दारू नाही, गोळ्या नाहीत, आणि अक्कल तर नाहीच नाही.”

“थट्टा केली असशील तर आत्ता सांग. मी हसेन.”

त्यानं काटा खाली ठेवला. “मोरॅग, कुलपातली बाहेर काढलीस का तू? आणि रिकाम्या आत ठेवल्यास? झोप कुठे होते तुला.”

ती उठली आणि कुलूप उघडून डबा त्याच्यापुढे ठेवला. आतली काडतुसं जशीच्या तशी होती. तामाती एकदा डब्याकडे, एकदा फळीवरच्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “चला, काडतुसांचा प्रश्न सुटला,” आणि स्वतःच्या विनोदाला हसला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “विनी आज आपल्या खोलीत झोपली तर?”

“मी तेच म्हणणार होते.”

सगळी काडतुसं कुलपात गेली. तरीही, खरं सांगायचं तर, तिच्या मनाचा एक कोपरा अजून हिशेब करत होता. दस्ता मापाचा आहे. धक्का नाही. आणि आता... त्या कोपऱ्याला तिनं दटावलं. कोणी भरलं हे माहीत नसलेलं काडतूस नळीत घालायचं नाही. आणि ज्यानं भरलं तो कोण हे माहीत असलं, तर?

६

शुक्रवारी तामाती मुद्दाम कामावर गेला नाही. गोठ्यातलं दार दुरुस्त करायचंय म्हणाला. दार चांगलं होतं.

दिवसाउजेडी स्वतःच्या घरात एका खोलीला घाबरायचं हे मोरॅगला पटेना. विनीही दुसरीकडे झोपेना. शेवटी तिनं विनीला तिच्याच खाटेत ठेवलं. डबीतला थर चमच्यानं सारखा केला, सुरीनं वरून गुळगुळीत केला, डबी खुर्चीशेजारच्या स्टुलावर उघडी ठेवली. मग बाहेर येऊन दार बोटभर उघडं राखलं आणि चटईवर बसली. स्वतःला म्हणाली, बाई गं, तू पदवीधर आहेस.

ऊन सरकत फळीवर आलं. फळी आता मोकळी होती. विनी अर्धवट झोपेत अंगठा चोखत होती.

मग तिनं अंगठा काढला आणि मान वळवली. वर पाहिलं, जिथे बसलेल्या मोठ्या माणसाचं तोंड असतं तिथे. ओळख पटल्यासारखी हसली. मग तिची नजर हळूहळू खाली उतरली आणि स्थिर झाली. तामाती कातरीला धार लावायचा तेव्हा ती त्याच्या हातांकडे अशीच बघायची.

डबीतल्या गुळगुळीत पिवळ्या थरात मधोमध एक खळगा पडला. सावकाश, घाई नसल्यासारखा. कडेला चरबी थोडी वर आली. खळगा जरा वळला आणि त्याच्यावरचा दाब निघून गेला.

करकर, असा आवाज झाला. यंत्रातून नव्हे.

मोरॅग आत कशी शिरली हे तिला आठवत नाही. विनीला उराशी धरून ती अंगणात आली तेव्हा तिच्या पायात एकच सपात होती, आणि विनी खांद्यावरून मागे वाकून, मागे राहिलेल्या खोलीकडे हात हलवत होती.

७

“परत?” शनिवारी एनिड दारातच म्हणाली.

“परत,” मोरॅग म्हणाली. “रायफल फार गोड आहे हो. पण नको.”

तामातीनं रायफल आणली, चहाचा डबा आणला. त्यात फळीवरची काडतुसंही होती. एनिडनं डबा हातात तोलून पाहिला आणि तो गेला होता तेवढाच जड कसा, हे विचारलं नाही. तिनं वेगळंच विचारलं.

“पोरगी झोपली का नीट या आठवड्यात?”

“छान झोपली.”

“माझी दोन्ही पोरं दुपारी झोपायची नाहीत. आर्ची बसायचा त्यांच्यापाशी, हाताला काम घेऊन. त्याला रिकामं काही बघवायचं नाही.”

मग एनिडनं बोट वर करून त्यांना गप्प केलं. ती जेवणाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि मान तिरकी करून ऐकू लागली. घड्याळ वाजत होतं. बाकी काही नाही. ती बराच वेळ तशी उभी होती. वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची दहा वर्षं उतरलेली होती.

“या, या, बसा!” ती म्हणाली. “मी आठ दिवस काय झोपले म्हणून सांगू! रोल घ्या. अजून घ्या. बांधून देते. पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. रायफल विकली गेली काय नि न गेली काय, माझं काम झालं.”

तिनं निघताना मोरॅगला घट्ट मिठी मारली, आणि विनीच्या गालाला हात लावता लावता मागे घेतला.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळं हलकं झालं. डोंगरावरून एक आरोळी आली, आणि तामातीनं खिडकीतून तोंड काढून दुसरी ठोकली. विनी खिदळली. “ऐक,” तो म्हणाला. “सोमवारी गोरला जातो. टू-फोर-थ्री. दस्ता तुझ्या मापानं मी स्वतः कापतो. पुढच्या आठवड्यात तू डोंगरावर, मी आणि विनी घरी अंडी करपवणार. मान्य?”

“मान्य,” मोरॅग म्हणाली. आपण जाणार होतो. साधी रायफल, साधं काडतूस, जगात कोणाकडेही मिळणारं. ते एवढं सोपं असतं हे तिला आधी का सुचलं नव्हतं!

८

विनी गाडीतच झोपली होती. तिला उचलून खाटेत ठेवलं तरी हलली नाही. खोलीत ऊन होतं. डबी तामातीनं सकाळीच कचऱ्यात टाकली होती. मोरॅगनं खिडकी उघडली, खुर्चीवरचे लंगोट उचलले, खुर्ची उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवली. मग स्वयंपाकघरात येऊन चहा केला. यंत्र लावलं. श्वास येत होता. तामाती मागच्या दारी शीळ घालत होता.

चहा चांगला झाला होता. तिनं तो पूर्ण प्यायला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

करकर. थक्.

ती उठली. पळाली नाही. दार उघडलं.

उंच फळीवर, उन्हात, एकच काडतूस उभं होतं. नवंकोरं, पितळेवर चिकट चकाकी. पंचविशीचं नव्हतं. तिची बोटं उचलतानाच सांगत होती की हे आखूड आहे, खांद्याशी जाड आहे. तिनं ते उलटं करून बुडाशी पाहिलं. गोल कोरलेले आकडे स्पष्ट होते. टू-फोर-थ्री.

या घरात त्या काडतुसाची पुंगळी कधी आली नव्हती. ज्या रायफलीचं ते होतं ती अजून गोरच्या दुकानात, कोणाच्या तरी पाठीमागे, भिंतीवर होती.

पितळेवर अंगठ्याचा ठसा होता, रुंद. तिचा अंगठा त्याच्या आत बसला.

विनी जागी झाली होती. आईला बघून तिनं दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून. मोरॅग पुढे झाली आणि थांबली. हात तिच्याकडे नव्हते. किंचित डावीकडे होते, खुर्ची होती तिथे.

“मोरॅग!” बाहेरून तामातीचा उत्साही आवाज आला. “दुकानाला फोन करतोय. रायफलीबरोबर काडतुसांची पेटी पण सांगून ठेवू ना?”

तिनं लेकीला उचललं, छातीशी घट्ट धरलं. विनीच्या तळव्यांना उबट चरबी लागलेली होती.

“नको,” मोरॅग म्हणाली. “काडतुसं नकोत.”